घासलेला डॉलर

हुडकेश्वर, नागपूर
६ जुलै १९८७

परीक्षकसाहेब,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची आपल्या घरातली पद्धत आहे. ती या वेळी बाजूला ठेवतो. नाणी तपासणाऱ्या तुमच्या मुंबईच्या कंपनीत म्हणे प्रत्येक गोष्टीला आधी दर्जा लावतात. थोरल्या भावाच्या आशीर्वादाला सत्तरपैकी किती गुण पडतील ते मला ठाऊक नाही, आणि कमी पडले तर उगाच वाईट वाटेल.

काम असं आहे. काल रविवार होता. सीताबर्डीला, व्हेरायटी चौकामागच्या स्टेशनरीच्या दुकानावर, त्याच खोलीत, आमचं नाणेप्रेमी मंडळ भरलं होतं. चंपतराव पोस्टाचं पार्सल न फोडता घेऊन आले होते. सोबत पेढ्यांचा पुडा. चंपतराव तुला आठवतीलच, काटोलकडचे, संत्र्याच्या बागेवाले, तू शाळेत असताना तुला खिशातून संत्री काढून देणारे. या माणसाने आयुष्यात एकाच नाण्यावर जीव लावला. इंग्रजांनी चीन-सिंगापूरच्या व्यापारासाठी मुंबईच्या टाकसाळीत पाडलेला चांदीचा डॉलर, ज्याच्यावर हातात त्रिशूळ घेऊन एक बाई समुद्राकाठी उभी असते. सीताबर्डीतल्या एका म्हाताऱ्या चिनी दंतवैद्याकडून त्यांनी तो मिळवला, आणि तेव्हापासून तो त्यांच्या घरातला एक माणूस आहे.

पार्सल त्यांनी सगळ्यांसमोर फोडलं. आत तुमची प्लॅस्टिकची चौकोनी डबी, कडा वितळवून बंद केलेली. डबीत डॉलर. वर चिठ्ठी: ‘घासलेले. दर्जा देता येत नाही.’ खाली तुझी सही. सही मात्र सुरेख झाली आहे.

चंपतरावांनी पेढ्यांचा पुडा खुर्चीखाली सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘शालिकरामजी, तुमी तं म्हणत होते का याले कोनाचा हात लागला नाई.’

‘आजबी म्हणतो,’ मी म्हटलं.

घासलेलं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण तुझ्या कंपनीला सांग. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षांची एक सावळी झाक चढते. ती कोणी चिंचेने, राखेने, पावडरीने काढली की नाणं चकचकीत होतं आणि आमच्या लोकांत कायमचं उतरतं. एखाद्याच्या नाण्याला घासलेलं म्हणणं म्हणजे त्याच्या घरातल्या माणसांना अडाणी म्हणणं. चंपतरावांना ते तुम्ही टाइपात म्हटलं आहे, आणि त्यासाठी त्यांच्याकडून फी घेतली आहे.

आणि हे सत्तर गुण आणले कुठून? अमेरिकेतून, असं आमचे अध्यक्ष रुपराव सांगतात. आपल्याकडे नापास व्हायलासुद्धा शंभरपैकी लागतात. साठ आणि एकसष्ट यांत फरक काय, असं मी विचारलं. रुपराव म्हणाले, ‘तेच तं फक्त परीक्षकाले कळते.’ म्हणजे देवाचं आणि तुमचं सारखंच. रुपरावांनी आपला सगळा संग्रह तुमच्या डब्यांत बंद करून घेतला आहे. आता त्या नाण्यांची कड दिसत नाही, ती वाजवून पाहता येत नाहीत, हातात घेता येत नाहीत. चिठ्ठी वाचायची आणि मान डोलवायची. नाण्याकडे पाहायचंच कारण उरलं नाही, म्हणून रुपरावांना ती पद्धत फार आवडली. नाण्याकडे पाहणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या वार्षिक सभेत ते ठराव आणणार आहेत. यापुढे मंडळात फक्त मुंबईहून डबीबंद होऊन आलेल्याच नाण्यांची देवघेव होईल. तीस वर्षं लोक माझ्यापुढे नाणं धरून ‘पाहा जी’ म्हणत आले. एका कप चहावर मी जे सांगत होतो, ते आता तू सांगणार. भिंग कसं धरायचं, उजेड कुठून घ्यायचा, हे तुला मीच शिकवलं. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून बसने धुरकटून घरी यायचो आणि हात धुऊन तुझ्यापुढे नाणी मांडायचो. तुला ते आठवत असेल किंवा तेही डबीत बंद केलं असेल.

आई गेल्यानंतर चार वर्षांत मी तुला हे पहिलं पत्र लिहितो आहे. गैरसमज नको. खुलासा कंपनीने करावा. तू उत्तर दिलं नाहीस तरी माझं काही अडत नाही.

शालिकराम
(तुझ्या वडिलांचा थोरला मुलगा)


हुडकेश्वर
२ ऑगस्ट १९८७

श्री. श्रीधर,

तुझ्या मॅनेजरचं पत्र मिळालं. इंग्रजीत, चार ओळी. परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो आणि त्याची कारणं देण्याची कंपनीत पद्धत नाही. न्यायाधीशसुद्धा माणसाला फाशी देताना कारणं लिहितो. पण तो सरकारी नोकर, त्याला तुमच्याएवढा मान कुठला.

चंपतराव हल्ली रविवारी येत नाहीत. त्यांचा मुलगा भेटला, म्हणाला बाबा डबी घेऊन खिडकीपाशी बसतात. तुमच्या मॅनेजरला हे कळवायची पद्धत असेल तर कळव.

मी हे लिहीत बसलो असताना प्रेमिला मागे येऊन उभी राहिली. ‘तुमी त्याले पत्र लिहून राहिले का भांडून राहिले?’ मी म्हटलं, दोन्ही. ‘मंग खाली तेवढं लिहा, वैनीनं इचारलं म्हणून. जेवण बरोबर मिळते का त्याले.’ लिहिलं. उत्तर तिला दे, मला नको.

तिला वाटतं की मी त्या दिवशी दारात बोललो ते फार झालं. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, तू दिल्लीच्या कुठल्याशा नाण्यांच्या प्रदर्शनातून बॅग घेऊन उगवलास. मी म्हटलं, ‘आता काय घरातल्या चांदीचा भाव सांगाले आला का?’ चार लोकांसमोर म्हटलं. तू चप्पलसुद्धा न काढता परत फिरलास. त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. तार वेळेवर केली होती.

मधे उमरेडला कवडूकडे जाऊन आलो. तोच कवडू, आपल्या बाबांच्या शेजारी ज्याच्या बापाचा माग होता. त्याच्याकडे जरासं काम होतं. काय ते तुला यथावकाश कळेल.

शालिकराम


हुडकेश्वर
६ सप्टेंबर १९८७

परीक्षकसाहेब,

हे पत्र बसून वाचावं.

उमरेडच्या कवडू नावाच्या विणकराने तुमच्याकडे एक डॉलर पाठवला होता. १९०८ सालचा, त्रिशूळवाल्या बाईचाच. काल तो परत आला. चिठ्ठीवर लिहिलं आहे: ‘अति उत्तम. न घासलेले. सत्तरपैकी अठ्ठावन्न.’ खाली तुझी सही.

ते नाणं आईचं आहे.

आता कंपनीतल्या कोणाला माहीत नसेल म्हणून सविस्तर लिहितो, म्हणजे हे पत्र त्यांनाही दाखवता येईल. आमचे वडील लग्नाआधी एका कापड व्यापाऱ्याबरोबर सिंगापूरला जाऊन आले आणि येताना एवढं एक नाणं घेऊन आले. लग्न झाल्यावर आईने त्यावरची बाई पाहिली, तिच्या हातातला त्रिशूळ पाहिला, आणि ती इंग्रजांची कोण ते बाबांनी सांगायच्या आधीच तिला देवघरात नेऊन बसवली. जगदंबा. बाबा हसले आणि त्यांनी विषय सोडून दिला. तेव्हापासून दर लक्ष्मीपूजनाच्या सकाळी चिंचेचा कोळ, चुलीतली राख, नारळाची शेंडी आणि आईचा अंगठा. बाई लख्ख झाली की पायांवर कुंकू. मला नाण्यांतलं कळायला लागल्यावर मी तिला म्हटलं होतं, आई, घासू नको वं, खराब होते. ती म्हणाली, ‘देवाले का मळकंच ठेवू?’

अख्ख्या विदर्भात याहून जास्त घासलेलं चांदीचं नाणं सापडणार नाही. म्हणून तर निवडलं. त्या बाईच्या पायांची बोटं उरलेली नाहीत. चेहरा असा गुळगुळीत झाला आहे की ती हसते आहे की रागावली आहे ते सांगता येत नाही. आंधळ्याने बोट फिरवून सांगितलं असतं. तुम्ही अमेरिकन भिंगाखाली धरलंत आणि न घासलेलं लिहिलंत. वर अठ्ठावन्न गुण. अठ्ठावन्नच का, साठ का नाहीत, असं विचारायचा मोह होतो, पण कारणं द्यायची पद्धत नाही.

तेव्हा हिशेब असा. चंपतरावांचं घासलेलं, आईचं अति उत्तम. वार्षिक सभा ४ ऑक्टोबरला आहे. रुपरावांच्या ठरावाआधी माझं निवेदन आहे. मुंबईच्या परीक्षणाबद्दल पुरावा देणार, एवढंच मी सांगून ठेवलं आहे. कवडू साक्षीला येणार. वर्ध्याची, अमरावतीची मंडळीही येणार. मंडळाचं वार्तापत्र मुंबईच्या सगळ्या नाणेवाल्यांकडे जातं, ते तुला माहीत आहे. त्यानंतर तुझी खुर्ची राहील असं मला वाटत नाही. खापरखेड्याच्या टाइम ऑफिसात कारकून अजून लागतात. तिथे माणसं मोजायची असतात, त्यात चुकायला फार वाव नाही.

प्रेमिलाने डबी हातात घेऊन पाहिली. मला वाटलं तीही हसेल. ती म्हणाली, ‘इतके नाणे घरात असतांनी तुमी आईचंच काहून पाठोलं?’ वर दिलेलं कारण मी तिला सांगितलं. ‘हो का,’ म्हणाली आणि आत गेली.

शालिकराम


हुडकेश्वर
२८ सप्टेंबर १९८७

श्रीधर,

काल तू येऊन गेलास. रविवारी सकाळी मी सीताबर्डीला असतो हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच ती वेळ निवडलीस. मुंबईहून नागपूरला रात्रभर बसून यायचं, ऑटोवाल्याशी हुज्जत घालत हुडकेश्वरपर्यंत पोचायचं, वहिनीच्या हातचे पोहे खायचे, देवघरासमोर बसायचं आणि मी घरी यायच्या आत पळ काढायचा. चोरसुद्धा घरमालकाची एवढी माहिती काढत नाही.

रात्री जेवताना प्रेमिलाने सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहितो, म्हणजे तू जे बोललास ते तुला परत ऐकता येईल.

‘तो म्हणे, वैनी, नाणं कागदातून निघालं आन् मी वळखलं. भिंग लावाची गरजच पडली नाई. बाईचे पाय पाहूनच कळलं. त्रिशूळाच्या फटीत कुंकवाचा कण अजून हाय म्हणे.’

‘मंग?’ मी म्हटलं.

‘मंग चिठ्ठी लिहाले घेतली. घासलेलं म्हणून लिहाचं होतं, पण हात चालेना. तो आईचा हात हाय म्हणे, वैनी. त्याच्यावर मी तसं कसं लिहू?’

तिने पुढे सांगितलं, ‘दादाले सांग म्हणे, सभेत सांगाचं तं खुशाल सांगा. मले कोनी इचारलं तं मी हो म्हणीन. कंपनी काढून टाकीन तं टाकू दे.’

वा. म्हणजे आता मोठेपणाही तूच घेणार.

तुला कळतं का तू काय केलंस? इतके दिवस मी तुला आंधळा समजून सुखात होतो. आंधळ्याला लोक हसतात आणि सोडून देतात. पाहून-सवरून खोटं लिहिणाऱ्याला कोणी सोडत नाही, आणि सोडूही नये. मी या तीस वर्षांत नाण्याबद्दल एक खोटा शब्द बोललेलो नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात सासऱ्यांनी ताम्हनात ठेवलेला चांदीचा रुपया ओतीव, म्हणजे साच्यात ओतून केलेला नकली आहे, हे मी भर मांडवात सांगितलं. प्रेमिला ते अजून काढते. मांडवात मी सासऱ्याचा मुलाहिजा ठेवला नाही, आणि तू मुंबईच्या खुर्चीत बसून घरच्यांचा ठेवतोस.

दुसरा निरोपही मिळाला. चंपतरावांचं नाणं खोलीत अंधार करून, डाव्या बाजूने बॅटरी अगदी खाली धरून पाहा म्हणे. मला उजेड शिकवतोस. आज सकाळी त्यांच्या घरी गेलो, खिडक्या लावून घेतल्या आणि तसं पाहिलं. बाईच्या ढालीवर बारीक रेषा आहेत, सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या. आहेत. झालं समाधान? त्या चिनी दंतवैद्याने दातांची पावडर लावली असणार, दुसरं काय. चंपतराव खाटेवरून विचारत होते, ‘काय दिसून राहिलं जी?’ मी म्हटलं, सभेत सांगतो.

म्हणजे परक्याच्या नाण्यावर तू खरं लिहिलंस आणि आपल्या नाण्यावर खोटं. मला यातल्या कशाचा जास्त राग येतो ते अजून ठरत नाही.

आणखी एक गोष्ट प्रेमिलाने भांडी आवरताना सांगितली. आईची तार मुंबईच्या पत्त्यावर गेली तेव्हा तू दिल्लीत होतास आणि तुला ती दोन दिवसांनी कोणीतरी फोनवर वाचून दाखवली. मी म्हटलं, हे त्याने तेव्हाच काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, ‘तुमी बोलू देल्लं का?’

असो. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. सभा रविवारी आहे आणि मी बोलणार आहे. पुरावा माझ्या हातात आहे, सही तुझी आहे. मी गप्प बसलो तर रुपरावांचा ठराव मंजूर होईल, आणि मग मंडळात माझं काम काय राहील? चहाचे कप मोजायचे? आईचं नाव पुढे करून माझं तोंड बंद होईल असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखलं नाहीस.

शालिकराम


हुडकेश्वर
१२ ऑक्टोबर १९८७

चि. श्रीधर यास अनेक आशीर्वाद.

सभेचं तुला इकडून कोणी कळवलं असेल तर त्याला अर्धंच माहीत आहे, म्हणून मी लिहितो.

खोली भरून माणसं जिन्यावर उभी होती. कवडू नवा सदरा घालून पुढे बसला होता. चंपतराव किती दिवसांनी आले होते, मागे भिंतीला टेकून होते. रुपरावांनी माझं नाव घेतलं. मी डबी वर धरली. सांगितलं की हा डॉलर मी कवडूच्या नावाने मुंबईला पाठवला होता, आणि पाठवताना मला तो घासलेला वाटत होता. मग चिठ्ठी वाचून दाखवली. लोक हसायच्या तयारीत होते. मीही होतो. पुढचं सगळं पाठ करून गेलो होतो, चिंच, राख, नारळाची शेंडी, देवघर.

आणि बोलायला तोंड उघडलं तेव्हा मला कळलं की आता हे हसणार ते तुझ्यावर नाही. इंग्रजांच्या बाईला जगदंबा समजून आयुष्यभर घासत बसली, कशी अडाणी म्हातारी, असं म्हणून हसतील. वर्ध्याचे हसतील, अमरावतीचे हसतील, रुपराव टाळी देऊन हसतील. आणि ते मी त्यांना सांगितलेलं असेल, चांगलं रंगवून. मला तिथे उभ्या उभ्या आईची आठवण आली. चार वर्षांत अशी आली नव्हती. राग करण्यात वेळ गेला.

‘सांगा ना जी, शालिकरामजी,’ चंपतराव मागून म्हणाले. ‘घासलेलं हाय का नाई?’

‘नाई,’ मी म्हटलं. ‘घासलेलं नाई. परीक्षकाचं बरोबर हाय. माही नजर चुकली.’

कवडूने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. त्याने खाली मान घातली आणि सदऱ्याचं बटण चाचपत बसला.

‘आन् माह्यं?’ चंपतराव म्हणाले.

‘तुमचंबी त्यानं बरोबर लिहिलं जी. बारीक रेषा हायेत. मी पाहिल्या.’

मग त्यांनी पिशवी उचलली. ‘इतके वर्ष तुमच्या भरवशावर होतो,’ एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्या सभेत मी एक खोटं बोललो आणि एक खरं बोललो. खोट्याने कोणाचं काही बिघडलं नाही. खरं मात्र चंपतरावांना लागलं, आणि ते त्यांना मी आधी घरी जाऊन, एकट्याला सांगायला हवं होतं.

मग रुपराव उठले. मला वाटलं आता टोमणा मारतील, मी तयार होतो. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘वाईट वाटून घेऊ नका शालिकरामजी. डोळे दाखवून या. मोतीबिंदू असन. माह्या साडूचं असंच झालं होतं.’ सगळे हो हो म्हणाले. कोणीतरी धंतोलीतल्या डॉक्टरचं नाव सांगितलं. ठराव मंजूर झाला. मी हात वर केला नाही, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

हे मी तुझ्यासाठी केलं असं समजून हुरळून जाऊ नकोस. तू चुकलास. ज्याला आपल्या आईचं नाणं परक्यासारखं पाहता येत नाही, त्याने ते शेजारच्या टेबलावर सरकवावं, सही करू नये. त्या खुर्चीत बसायची तुझी लायकी नाही. फरक एवढाच की आता माझीही नाही. एकाच नाण्यावर आपण दोघंही खोटं बोललो, आणि मला त्याची जेवढी लाज वाटायला हवी तेवढी वाटत नाही. संताप येतो तो याचाच.

प्रेमिलाला घरी येऊन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘आता तरी त्याले बोलवा.’ तर दिवाळीला ये. कंपनी रजा देत नसेल तर थोरला भाऊ आंधळा झाला आहे म्हणून सांग. पाहिजे तर मंडळाच्या अध्यक्षांचा दाखला मिळेल, ते आनंदाने देतील. या खेपेला मी घरी असेन तेव्हा ये. दारात मी काही बोलणार नाही. बोललो तर प्रेमिला आहे.

आता शेवटचं, आणि हे नीट वाच.

काल रविवारी मंडळात गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण रविवारी दुसरं कुठे जायचं ते मला माहीत नाही. रुपरावांनी एक रुपया आणला होता, राणीच्या छापाचा, सावनेरच्या कोणाकडून मिळालेला. फार दुर्मीळ साल आहे म्हणून हरखले होते. पूर्वी तो आधी माझ्या हातात आला असता. काल तो माझ्यापुढून शेजाऱ्याकडे गेला. ‘त्यांच्या डोळ्याले त्रास नको,’ असं कोणीतरी म्हणालं, आणि चांगल्या मनाने म्हणालं. फिरून झाल्यावर रुपरावांनी तो टेबलावर ठेवला, तेव्हा बद्द आवाज झाला. खरी चांदी तशी वाजत नाही. मी म्हटलं, ‘रुपरावजी, हे ओतीव हाय.’ ते हसले. बाकीचेही हसले, थोडंसंच, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं. ‘जाऊ द्या जी,’ रुपराव म्हणाले. ‘मुंबईहून येईनच कळून.’

माझा काल फार अपमान झाला, श्रीधर. घरी येऊन मी तो कोणाला सांगितला नाही, तुलाच सांगतो आहे.

तो रुपया या आठवड्यात तुझ्याकडे पोचेल. डबीत घालायच्या आधी कडेवरून नख फिरव, दोन भाग जोडल्याची शिवण लागेल. लाकडावर वाजवून पाहा. रुपराव आपले जुने आहेत, त्यांनी मुंबईची एवढी बाजू घेतली, म्हणून हात आखडू नको. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. मला आता इथे कोणी विचारत नाही. तू खरं लिही.

तुझा,
दादा